पाचरीची भोकं

आमच्या गावात पत्ता सांगताना अजूनही ‘खदाणीच्या अलीकडं’ आणि ‘खदाणीच्या पलीकडं’ असंच सांगतात. पलीकडं पूर्वी कुणी राहत नसे, फक्त वडारांच्या पाली होत्या. आता तिथं दोन मंगल कार्यालयं आणि एक इंग्रजी शाळा आहे, प्लॉटिंगचे फलक आहेत. आणि या अलीकड-पलीकडच्या मधोमध साडेतीन एकरांचा एक खड्डा. गाव लातूर जिल्ह्यातलं, मध्यम आकाराचं. नाव लिहीत नाही. पुढं ज्यांच्याबद्दल चार शब्द वाकडे लिहिणार आहे ती मंडळी रोजच्या ओळखीची आहेत, आणि मला उद्या सकाळी पुन्हा तिथंच फिरायला जायचंय.

मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. नोकरीची तीसेक वर्षं खडी मोजण्यात गेली. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, हे पुस्तकातलं माप. प्रत्यक्षात ट्रक भरतानाचा ब्रास वेगळा आणि उतरवतानाचा वेगळा असतो, हे नोकरीच्या पहिल्याच महिन्यात समजलं. या खदाणीतूनही मी खडी उचलली आहे. तेव्हा तिच्याकडं कधी बघितलं म्हणून नाही. चलन बघितलं, सही केली, गाडी सोडली.

बघायला लागलो ते 2016 च्या उन्हाळ्यात. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते हेच वर्ष. 12 एप्रिलला पहिली गाडी पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळा देश ती गाडी टीव्हीवर बघत होता आणि आमच्या गावात बायका घागरी घेऊन खदाणीत उतरत होत्या. तळाशी एका कोपऱ्यात हिरवट पाणी शिल्लक होतं. पिण्याचं नव्हे, पण धुण्याभांड्याला चालेल असं. त्या पाण्यावर प्लास्टिकच्या पिशव्या, गणपतीचे तुटके हात, गाद्यांचा कापूस, कोंबड्यांची पिसं. एका मेडिकलवाल्यानं, एका गिरणीवाल्यानं आणि मी असं तिघांनी एका रविवारी पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून तो कचरा काढायला घेतला. समाजसेवा वगैरे डोक्यात नव्हती. पाणी पाहिजे होतं. पुढच्या रविवारी सात जण आले, त्याच्या पुढच्या रविवारी अकरा. पावसाळ्यात पाणी आलं, गरज संपली, तरी येणारे येतच राहिले. हा आमचा गट. नोंदणी नाही, अध्यक्ष नाही. व्हॉट्सॲपवर ‘खदान’ एवढंच नाव आहे, आणि त्यात गुड मॉर्निंग टाकणाऱ्याला दहा रुपये दंड.

कागदोपत्री ही जमीन सरकारी पड. आमच्यातल्या एका निवृत्त तलाठ्यानं जुनी खासरा पाहणीची नक्कल काढली, 1954-55 ची. मराठवाडा निजामातून सुटून तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. त्यात शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द आहे : खदान. म्हणजे तेव्हाच ती जुनी होती. गावातल्या वेशीचा, पाटलांच्या वाड्याचा, जुन्या शाळेचा दगड इथलाच. वेशीच्या दगडाचा रंग आणि खदाणीच्या पूर्वेच्या भिंतीचा रंग शेजारी ठेवून बघा, ताबडतोब पटतं. गावात जेवढं वर उभं राहिलं, तेवढं इथून खाली गेलं. खड्डा म्हणजे गावाचा साचाच म्हणायचा.

त्या पूर्वेच्या भिंतीसमोर मी बऱ्याचदा नुसता उभा राहतो. वरती हातभर काळी माती, तिच्याखाली पुरुषभर मुरूम, मग मांजऱ्या नावाचा मऊसर दगड, त्यात पोकळ्या आणि पोकळ्यांत गारगोट्या चमकतात. मग एक वीतभर जाडीचा तांबडा पट्टा, गेरूसारखा. त्याच्याखाली काळा पाषाण, घट्ट, ज्याच्यासाठी एवढी खटाटोप. हा तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधली विश्रांती. एक थर थंड झाला, त्याच्यावर माती धरली, आणि मग पुढचा तप्त लोंढा येऊन ती माती भाजून गेला. ही गोष्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथं शास्त्रज्ञांनी भोक पाडलं, तेव्हा हा काळा दगड जवळजवळ साडेतीनशे मीटर खोलीपर्यंत लागत गेला. आमच्या खदाणीची खोली जेमतेम पन्नास फूट. पिढ्यान् पिढ्या खणून आम्ही वरची साय काढलीय म्हणा ना.

तसं दगड काढून काहीतरी घडवायचं हे मराठवाड्याच्या अंगातच आहे. देवगिरीचा डोंगर चहूबाजूंनी तासून ताठ उभा केला, कुणाला चढताच येऊ नये म्हणून. वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या कृष्ण राजाच्या काळातलं, वरून खाली खोदत आणलेलं. मला तर ती जगातली सगळ्यात देखणी खदान वाटते. फरक एवढाच, तिथं काढलेला दगड टाकून दिला आणि राहिलेल्याला देव म्हटलं. आमच्याकडं काढलेल्याचे वाडे झाले आणि राहिलेल्यावर कचरा पडला.

पहिल्या पावसाळ्यात आम्ही तीनशे रोपं लावली. पेपरात फोटो आला. लावली कुठं, तर खदाणीच्या तळाला, ओळीत, आखून, कारण सपाट जागा तीच. ओव्हरसियरची अक्कल! ऑगस्टमध्ये तळाला गुडघाभर पाणी साचलं, अर्धी कुजली. मार्चमध्ये तोच तळ तव्यासारखा तापला, उरलेली वाळली. टँकर घातले, शेडनेट बांधलं, शाळेच्या पोरांना एकेक झाड दत्तक दिलं. पुढच्या मे महिन्यात मोजली तर अकरा जिवंत, त्यातली चार आम्ही न लावलेली वेडी बाभूळ.

तेव्हा गंगूमावशी पहिल्यांदा बोलल्या. रोज काठी टेकत काठावर येऊन बसायच्या, आम्ही त्यांना धरलंच नव्हतं. म्हणाल्या, “सायब, दगडाच्या उरावर झाड लावलालाव व्हय? तिकडं ढिगाऱ्यावर लावा की. आमी समदी माती तिकडंच टाकलोत.”

पश्चिमेकडं निकामी माल टाकलेला एक लांबलचक ढीग आहे, मुरूम, माती, दगडाच्या कपच्या. आम्ही त्याला उचलून न्यायचा कचरा समजत होतो, जेसीबीचा दर विचारून ठेवला होता. मावशींनी काठीनं उकरून दाखवलं. वरच्या कपच्या बाजूला केल्या तर खाली ओल, तीसुद्धा मे महिन्यात. दगडाचं पांघरूण होतं म्हणून. आज त्या ढिगावर करंज, कडुनिंब, हिवर, बोर, पळस उभे आहेत. पाणी फक्त पहिली दोन वर्षं घातलं. 

गंगूमावशी वडार. वय त्यांना माहीत नाही; ‘बहात्तरच्या दुष्काळात थोरला कडेवर होता’ एवढाच हिशेब. नवरा फोडायचा, त्या खडी करायच्या. खडी हातानं कशी फोडायची हे मी इतकी वर्षं खडी मोजूनही कधी नीट बघितलं नव्हतं. एकदा त्यांनी करून दाखवलं. टायरच्या रबराचं एक कडं, त्याला सुतळीनं बांधलेली काठीची मूठ. ते कडं दगडाभोवती ठेवायचं, डाव्या हातानं मूठ धरायची, उजव्या हातानं हातोडी. कड्यामुळं दगड निसटत नाही आणि कपची डोळ्यात उडत नाही. मारण्याआधी दगड एकदा फिरवून बघायचा. “त्याला बी नस असती,” म्हणाल्या. नस सापडली की दोन टोल्यात दगड उघडतो, नाही सापडली तर वीस टोल्यांतही हातालाच झिणझिण्या. मी प्रयत्न केला. वीस टोले मारले. मेडिकलवाल्यानं व्हिडिओ काढला, तो अजून ग्रुपवर फिरतो.

दिवसभर असं फोडून ब्रास कधी भरायचा, हे मी विचारलं नाही. चलनावरचा आकडा मला पाठ होता.

किल्लारीबद्दल लिहायचं टाळत होतो, पण खदाणीची गोष्ट त्याच्याशिवाय पुरी होत नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या आत. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक थकून झोपले होते. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा, नोकरीला लागून थोडीच वर्षं झालेली. दुसऱ्या दिवशी आम्हाला तिकडं पाठवलं. काय बघितलं ते सांगत बसत नाही. एकच गोष्ट सांगतो, ती माझ्या धंद्याची आहे. आमच्याकडची घरं माळवदाची : लाकडाचे खांब-तुळया, म्हणजे खण, वर हातभर मातीचं छत, आणि भोवती दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती. कित्येक घरांत लाकडाचा सांगाडा जागेवर उभा होता आणि भिंती मात्र आत-बाहेर ढासळून माणसांवर पडल्या होत्या. 52 गावं पार उठवून दुसरीकडं वसवावी लागली.

त्यानंतर आमच्या भागात दगडाचं नाव काढलं की लोक दचकायचे. वाडा पाडून पत्र्याचं शेड करणारे मी बघितले. भिंतीला सिमेंटच्या विटा आल्या, स्लॅब आले. घडीव दगडाला गिऱ्हाईक राहिलं नाही. थोडी वर्षं रस्त्यांना खडी लागत होती, मग क्रशर आले आणि हाताच्या खडीलाही कोण विचारतो. खदान बंद झाली ती अशी, कुणी कुलूप लावून नव्हे. आणि मग गावानं तिचा उकिरडा केला. मला वाटतं, त्यात नुसता आळस नव्हता. थोडा रागही होता. ज्या भिंतींनी माणसं मारली त्यांचा दगड इथून गेला होता.

हे मी एकदा मावशींपाशी बोललो. त्या उसळल्याच. “दगडाला कामून नावं ठेवलालाव? भित्ताडाला दोन तोंडं केली, आतलं येगळं, भाईरलं येगळं, मदी कपच्या अन् चिखल. दोघाला बांधणारा लांब दगड घातला का कुणी?”

त्यांचं म्हणणं शंभर टक्के तांत्रिक होतं. भूकंपानंतर तज्ज्ञांनी जे अहवाल लिहिले, त्यांत हेच होतं : भिंतीच्या दोन पदरांना जोडणारे आरपार दगड नव्हते, म्हणून पदर सुटले. आम्हाला ते प्रशिक्षणात पाटीवर चित्र काढून शिकवलं. मावशींच्या नवऱ्याला ते चित्राशिवाय माहीत होतं, पण लांब दगड काढायला मेहनत जास्त आणि गिऱ्हाईक जादा पैसे द्यायला तयार नाही.

मधे दोन महिने मुलाकडं अमेरिकेत होतो. सॅन होजेला. तिथल्या मॉलांना मी दोन दिवसांत कंटाळलो, तेव्हा सून म्हणाली, बाबा, तुम्हाला खाणी आवडतात ना, चला. घरापासून अर्ध्या तासावर डोंगरात पाऱ्याची जुनी खाण आहे, अल्माडेन क्विकसिल्व्हर नावाची. 1845 मध्ये कास्तियेरो नावाच्या एका मेक्सिकन लष्करी अधिकाऱ्यानं तिथला लाल दगड ओळखला. तो दगड म्हणजे आपला हिंगूळ. भाजला की पारा निघतो. स्थानिक ओलोनी लोक त्याच्या आधीपासून त्याचा लाल रंग वापरत होते. (“म्हणजे शेंदूरच की,” आमची ही म्हणाली. शेंदूर शिशाचा असतो, हिंगूळ पाऱ्याचा, हे तिला तिथंच समजावत बसलो आणि अर्धा डोंगर भांडणात चढलो.) तीनच वर्षांत कॅलिफोर्नियात सोनं सापडलं. दगडातून सोनं वेगळं काढायला पारा लागतो, त्यामुळं या खाणीची चांदी झाली. आता ती चार हजार एकरांहून मोठी सार्वजनिक बाग आहे, तिथल्या काउंटीनं 1970 च्या दशकात घेतलेली, आणि तिचा इतिहास सांभाळणारी स्वयंसेवकांची संघटना आहे.

बाग म्हणजे काय, तर डोंगर, पायवाटा, गवत. कारंजं नाही. बोगद्याचं तोंड जाळी लावून ठेवलंय, गंजलेली यंत्रं जिथल्या तिथं. मेक्सिकन मजुरांची वस्ती एका अंगाला होती आणि इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकऱ्यांची दुसऱ्या अंगाला, हे तिथं कुणी लपवत नाही. मला लगेच आमचं अलीकडं-पलीकडं आठवलं. आणि सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? खालच्या तलावापाशी सूचना होती : इथले मासे खाऊ नका, पारा आहे. एवढी मोठी बाग केली तरी खाणीनं काय घाण केली तेही लिहून ठेवलंय.

परत आलो तर इकडं सुशोभीकरण मंजूर झालेलं. आम्ही आठ वर्षं कचरा काढून जागा जरा बरी केली, म्हणून ती कुणाच्या तरी नजरेत भरली. नकाशा रंगीत होता. तळाला पेव्हर ब्लॉक, मधोमध संगीत कारंजं, ढीग सपाट करून लॉन, पूर्वेच्या भिंतीला रंग देऊन त्यावर वाघ आणि धबधबा, प्रवेशद्वारापाशी सिमेंटचा जिराफ. जिराफ कशाला, विचारलं. लहान मुलांना आवडतो, म्हणाले. नकाशात ‘सेल्फी पॉइंट’ असं लिहिलेला एक लाल ठिपका होता, तो बरोब्बर मावशी बसतात त्या जागेवर.

आमच्या गटात त्यावरून फूट पडली. निम्मे म्हणाले, निधी येतोय तर येऊ द्या, निदान कंपाउंड होईल, पोरं बुडायची थांबतील. त्यांचं चूक नव्हतं. या पाण्यात पोरं गेली आहेत, मी त्यांच्या घरी गेलोय. बाकीचे म्हणाले, मग ही खदान कशाची? मी मधल्यामधे लोंबकळत होतो. शेवटी आम्हाला वाचवलं घुबडानं. पूर्वेच्या भिंतीत, तांबड्या पट्ट्याच्या जरा वर, एक कट्टा आहे. तिथं शृंगी घुबडाची जोडी असते. हे घुबड घरटं बांधत नाही, असल्या उघड्या कपारीतच अंडी घालतं. डिसेंबरात तिथं तीन अंडी दिसली. आमच्यातल्या शाळामास्तरांनी वन खात्याला पत्र लिहिलं, भिंत रंगवायचं काम थांबलं. थांबलं ते थांबलंच. वर्ष उलटलं, निधी दुसऱ्या चौकात गेला. जिराफ आता बसस्टँडजवळ आहे. ज्या घुबडाला अख्खं गाव अपशकुनी म्हणतं, त्याच्यासाठी गिरणीवाल्यानं नारळ फोडला.

कंपाउंड मात्र वर्गणीतून केलं, पाण्याच्या बाजूला कंबरेएवढं. खदाणीतल्याच डबरानं. दर चार फुटांवर आरपार लांब दगड घातला आहे, मावशी काठी घेऊन उभ्या होत्या.

आता फलकाची गोष्ट. उत्तरेच्या कोपऱ्यात एक मोठा दगड आहे, अर्धवट सुटलेला. त्याच्या पाठीवर सरळ रेषेत पाचरीची भोकं आहेत. आधी टाकीनं अशी भोकं पाडायची, त्यांत लोखंडी पाचरी बसवायच्या, आणि ओळीनं एकेकीवर घण मारत जायचं, सगळ्यांना सारखा ताण. मग दगड रेषेवर फाटतो. हा फाटलेला नाही. भोकं पाडली आणि काम तसंच सोडून गेले.

आमच्या गटात एक समजूत पक्की झाली होती, कुणी सुरू केली ठाऊक नाही : हा दगड 29 सप्टेंबर 1993 ला संध्याकाळी असा सोडला, सकाळी पाचरी मारायच्या होत्या, आणि सकाळ वेगळीच उगवली. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. मीही पाहुण्यांना हेच सांगायचो, आवाज जरा खाली आणून. मास्तरांनी फलकाचा मजकूरही तयार केला, तारखेसकट. पेंटर बोलावला. मी म्हटलं, एकदा मावशींना वाचून दाखवू.

मावशींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “हे कुणी सांगितलं तुमाला?”

सगळे एकमेकांकडं बघायला लागलो.

“आमच्या मालकाचा दगड हाय ह्यो. भूकंपाच्या लई आदी. ठेकेदारानं आदल्या मालाचं पैसं बुडवलं, मनून सोडला. पाचरी काढून घेतल्या अन् घरी आले. मंजी, पैसं दिल्याबिगर घण लावत न्हाई.”

मास्तर बराच वेळ कागद हातात धरून उभे. पेंटर म्हणाला, मग काय लिहू? मेडिकलवाल्याचं मत, तारीख राहू द्या, लोकांना काय कळतंय. यावर आमचं जे भांडण झालं ते दंडाच्या दहा रुपयांत बसणारं नव्हतं. मी स्वतः किती चलनांवर सह्या करून पुढचं पेमेंट ‘निधी आल्यावर’ म्हणून ठेवून दिलं होतं, ते मला त्या वेळी आठवत होतं, आणि मी गप्प होतो. अखेर फलकावर लिहिलं ते मावशींनी सांगितलं तसंच, बुडालेल्या पैशांसकट. ठेकेदाराचं नाव त्यांनी सांगितलं, आम्ही लिहिलं नाही. त्याचा नातू वर्गणी देतो.

पेंटरनं मजकुरात ‘सात भोकं’ असं लिहिलं होतं, आम्हीच मोजून दिलेली. मावशींना वाचता येत नाही, मी वाचत होतो. सातावर त्यांनी हात वर केला.

“आठ.”

मी पुन्हा मोजली. सातच. त्या काठी ठेवून खाली बसल्या, दगडाच्या कडेला साचलेली माती आणि करंजाची पानं बाजूला सारली आणि नखानं एका जागी उकरायला लागल्या. आधी काहीच दिसेना. मग बोटभर रुंद एक खळगी निघाली, नीट चौकोनी सुरू केलेली, अर्ध्या इंचाहून खोल नाही. आत टाकीचे पांढुरके घाव अजून ताजे असल्यासारखे.

“हितं आला व्हता त्यो मानूस, पैसं न्हाईत मनून सांगाला,” मावशी म्हणाल्या, आणि पदरानं ती खळगी पुसून काढली.

पेंटरनं सातचं आठ केलं. जुना आकडा खालून थोडा दिसतो.